ट्रीचे स्थलांतर

प्रश्न : चालू व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) दुसऱ्या सर्व्हरवर नेताना एखाद्या उपकरणाच्या स्थितीतली बायनरी ट्री (जिच्या प्रत्येक नोडला म्हणजे गाठीला फार तर दोन फाटे फुटतात अशी माहितीची मांडणी) मेमरीतून जशीच्या तशी उचलून का पाठवता येत नाही? (एक विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : ट्रीमधील प्रत्येक नोड पुढच्या नोडचा मेमरीतील पत्ता धरून असतो आणि तो पत्ता पलीकडे निरर्थक ठरतो, भुसावळच्या यार्डातला रुळाचा क्रमांक घेऊन कोणी जळगावला डबा शोधावा, तशी गत होईल. म्हणून क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर जीलिब या प्रोग्रॅमिंग लायब्ररीची ट्री पाठवताना आधी नोडांची संख्या लिहिते, मग एकेक की (नोड ओळखण्याची खूण) आणि तिचे मूल्य, व प्रत्येक जोडीच्या आधी ‘आणखी आहे’ असे सांगणारा एक बाइट. पलीकडे या जोड्या एकामागून एक घालून ट्री नव्याने उभी राहते आणि मोजदाद जुळली नाही तर चूक दाखवली जाते. कींची तुलना करून त्यांचा क्रम ठरवणारे फंक्शन मात्र पाठवत नाहीत, कारण तोही शेवटी पत्ताच. ते दोन्हीकडे आधीपासून असावे लागते.

खरी खोच बाइटक्रमात, म्हणजे एका संख्येचे बाइट कोणत्या क्रमाने लिहायचे यात आहे. ४०९६ ही ३२ बिटांची की लिटल-एंडियन पद्धतीने (सर्वात लहान किमतीचा बाइट आधी) ०० १० ०० ०० अशी हेक्समध्ये (सोळाच्या पायात) लिहिली आणि पलीकडे बिग-एंडियन (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी) समजून वाचली, तर ती १०,४८,५७६ होते. त्यामुळे या प्रवाहात पूर्णांक बिग-एंडियन क्रमानेच लिहितात, मग सर्व्हर कोणत्याही जातीचा असो.