कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या बँकेचा दुसरा स्टोरेज (डेटा साठवणारा बॉक्स) शिरोलीत ठेवावा की पुण्याला? सिंक्रोनस की असिंक्रोनस?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सर्व्हर रूम शाहूपुरीत, डेटा १० टीबी, रोजचा बदल साधारण १५० जीबी, दोन एकसारखे स्टोरेज घेताय. विक्रेता म्हणतो, दुसरा शिरोली एमआयडीसीत ठेवा आणि सिंक्रोनस करा (नोंद दोन्हीकडे लिहून झाली की मगच पूर्ण धरायची), एकही एंट्री जाणार नाही.

माझं मत: पुण्याला ठेवा आणि असिंक्रोनस करा (नोंद इथे लगेच पूर्ण होते, प्रत थोडी मागाहून तिकडे जाते). शिरोली पंचगंगेच्या पलीकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नेमका तिथलाच महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. बॉक्स कोरडा राहील, पण माणूस पोचणार नाही आणि जनरेटरला डिझेलही मिळणार नाही. शहराजवळच जागा हवी असेल तर गोकुळ शिरगाव बघा, मधे पंचगंगा येत नाही.

पुण्यापर्यंत सिंक्रोनस का नको, ते गणितानेच कळतं. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. रस्ता २३० किमीच्या आसपास असला तरी फायबर वळसे घेत ३०० किमी सहज भरते. म्हणजे जाऊन-येऊन ३ मिलिसेकंद नुसत्या प्रकाशाचे, वर मधल्या उपकरणांचे वेगळे. फ्लॅश स्टोरेजवर अर्ध्या मिलिसेकंदात होणारा राइट (एक लेखन) निदान सात पट रेंगाळतो. काउंटरवर हे कोणाला जाणवणार नाही. डे-एंड (दिवसअखेरचं काम) आणि व्याज आकारणीत मात्र लाखो कमिट (व्यवहार पक्के करणं) एकामागून एक होतात, तिथे तासाचं काम रात्रभर चालेल.

आणि आपल्याकडचा पूर अचानक येत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पाणी फुटाफुटाने चढतं, सगळं शहर आकडे बघत बसलेलं असतं. एवढी आगाऊ सूचना मिळत असेल तर असिंक्रोनसमध्येही एक एंट्री न गमावता पुण्याला जाता येतं. ३९ फुटांना लॅग (पुण्याची प्रत किती मागे आहे ते) तपासा आणि पुण्यातली माणसं तयार ठेवा. ४३ च्या आधी, डे-एंड झाल्यावर, अ‍ॅप्लिकेशन थांबवा, डेटाबेस नीट शटडाउन करा, व्हॉल्यूम अनमाउंट करा (स्टोरेजवरची जागा सर्व्हरपासून सोडवा), लॅग शून्य होऊ द्या, मगच भूमिका उलटी करा. आता पुणे मुख्य आणि कोल्हापूर प्रत. वीज पाण्यामुळे जायची वाट बघितली तर तोच बदल जबरदस्तीने करावा लागतो आणि शेवटची काही मिनिटं जातात.

आग किंवा कंट्रोलर जळणं यांना मात्र इशारा पातळी नसते. त्यासाठी गोकुळ शिरगावात एक साधा सर्व्हर ठेवून फक्त डेटाबेसचे रीडू लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) तिथे सिंक्रोनस पाठवा. तिसऱ्या स्टोरेजपेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

लिंक किती घ्यायची? १५० जीबी आठ तासांत पसरले तर सरासरी ४२ एमबीपीएस होतात. पण सरासरीवर जाऊ नका. महिनाअखेरच्या आठवड्यात स्टोरेजवरचा राइट दर पाच-पाच मिनिटांनी नोंदवा. इन्क्रिमेंटल बॅकअपचा (फक्त बदललेल्या भागाच्या बॅकअपचा) आकार धरू नका, एकच ब्लॉक दहादा बदलला तरी तो तिथे एकदाच मोजला जातो. माझा अंदाज २०० एमबीपीएसचा. पहिली प्रत मात्र लिंकवरून पाठवू नका: १० टीबीला १०० एमबीपीएसवर, लिंक पूर्ण मोकळी असली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. दोन्ही बॉक्स शाहूपुरीत शेजारी-शेजारी लावा, सिंक करा, जोडी सस्पेंड करा (प्रत पाठवणं थांबवा), दुसरा बॉक्स गाडीने पुण्याला न्या आणि रिझ्यूम करा (पुन्हा सुरू करा). मधल्या दिवसांचाच फरक जाईल.

दोन कंपन्यांच्या दोन लिंक घेतल्या म्हणजे दोन मार्ग झाले असं नाही. दोन्ही फायबर शिरोलीच्या त्याच पुलावरून जात असतील. मार्गाचा नकाशा लेखी मागा, दुसरी लिंक कागल-निपाणी-बेळगावकडून मिळते का विचारा. तिकडेही यमगर्णीजवळ पाणी येतं, पण दोन्हीकडची लिंक एकाच वेळी तुटण्याची शक्यता कमी. तसं पाण्याने फायबर मरत नाही. मरते ती मधल्या खोलीतली वीज, नाहीतर जेसीबी घात करतो.

लिंक सुरू झाली की एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. स्टोरेजवर ९००० आणि मधल्या नेटवर्कवर १५०० असेल तर जोडी 'कनेक्टेड' दिसते आणि डेटा हलत नाही. फ्रॅगमेंट न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचा पिंग जातो का बघा. आयपीसेक टनेल (एन्क्रिप्ट केलेला मार्ग) असेल तर आणखी खाली यावं लागेल.

डेटा फाइल आणि लॉगचे सगळे लन (स्टोरेजमधले डिस्कचे भाग) एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये (ज्यांची प्रत एकाच क्षणाची राहते असा गट) हवेत. नाहीतर पुण्यात लॉग दहा वाजताचा आणि डेटा दहा-पाचचा असेल, डेटाबेस उघडणारच नाही.

सगळ्यात मोठा धोका लिंक तुटताना नसतो, लिंक परत येताना असतो. जर्नल (अजून न पोचलेले बदल क्रमाने साठवणारी जागा) भरलं की जोडी सस्पेंड होते आणि पुढे फक्त कोणते ब्लॉक बदलले याची नोंद राहते. रिसिंकमध्ये (लिंक आल्यावर राहिलेलं पाठवताना) ते ब्लॉक लिहिलेल्या क्रमाने जात नाहीत. ते पूर्ण होईपर्यंत पुण्याची प्रत अर्धवट असते, आणि नेमकं तेव्हाच कोल्हापूर गेलं तर दोन्हीकडे हात रिकामे. म्हणून रिझ्यूम करण्याआधी पुण्यात स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या, प्रत्येक वेळी. जर्नल निदान तीन दिवसांचं ठेवा, तुमच्या बदलाला ५०० ते ६०० जीबी.

ड्रिल (पुण्यावर जाण्याची तालीम) करताना प्रतीचा क्लोन काढून त्यावर करा, रेप्लिकेशन थांबवू नका. शाखांचे राउटर पुण्याकडे वळतात का हे त्याच वेळी बघा, बहुतेक ड्रिल तिथेच अडकतात. टेपवरचा किंवा नेटवर्कपासून तोडलेला बॅकअप बंद करू नका: रॅन्समवेअरने इथला डेटा एन्क्रिप्ट केला तर रेप्लिकेशन तोच कचरा पुण्याला इमानेइतबारे पोचवेल.