सरावात वाघीण, सतराव्या फेरीत थांबलेली

“मॅडम, पोरगी सरावात वाघीण आहे, शर्यत आली की पाय गळतात. मन कमजोर आहे हिचं, तेवढं घट्ट करून द्या.” माण तालुक्यातून पहाटेची एसटी धरून पुण्याला आलेल्या एका शेतकरी वडिलांनी माझ्यासमोर बसताच हे सांगितले आणि शेजारी बसलेल्या मुलीने मान खाली घातली. लांब पल्ल्याच्या धावपटूंकडून, सायकलपटूंकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून समुपदेशक म्हणून मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो: कष्टात कसूर नाही, मग ऐन शर्यतीत कच का खाल्ली जाते, आणि याचा अर्थ मन दुबळे आहे असा घ्यायचा का? त्याचे उत्तर म्हणून हा अनुभव, ओळख पटवणारे तपशील बदलून आणि दोघांच्याही संमतीने, येथे मांडत आहे.

मुलगी एकवीस वर्षांची, १०,००० मीटर धावणारी. ट्रॅकवर ही शर्यत २५ फेऱ्यांची असते. दोन वर्षांपूर्वी तिने ती ३६ मिनिटे ४० सेकंदांत, म्हणजे फेरीमागे ८८ सेकंद या गतीने पूर्ण केली होती. त्यानंतर पुण्यात खोली घेऊन, सराव जवळजवळ दुप्पट करूनही वेळ ३८ मिनिटांच्या पुढे गेली आणि शेवटच्या स्पर्धेत तर सतराव्या फेरीत ती ट्रॅक सोडून गवतावर जाऊन बसली. “पाय होते, पण मन म्हणालं, पुरे,” असे तिने घरी सांगितले होते. वडिलांनी हे वाक्य कबुलीजबाबासारखे धरून ठेवले होते.

त्यांच्या तुलनेचा धागा समजण्यासारखा होता. ललिता बाबर त्यांच्याच तालुक्यातल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावलेल्या. “दुष्काळी गावातून ती पोरगी तिथवर गेली, तिनं असं मधेच सोडलं असतं का?” असे त्यांनी विचारले. यशस्वी खेळाडूचे यश तेवढे आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणून असे प्रश्न पडतात. मी त्यांना ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफविषयी सांगितले. मॅरेथॉनचा विश्वविक्रम नावावर असताना २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमारे ३६ किलोमीटरनंतर ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली आणि २००५ मध्ये हेलसिंकी येथे ती जगज्जेती झाली. मॅरेथॉनमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या केनियाच्या एलियुड किपचोगेनेही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरनंतर पाठीच्या दुखण्यामुळे शर्यत सोडली. या दोघांना मनाने दुबळे कोणी म्हणणार नाही. रॅडक्लिफचे नाव निघाले तेव्हा मुलीने प्रथमच वर पाहिले.

वडिलांना मी बाहेर चहा घेण्यास सुचवले आणि तिला सरावाची वही दाखवण्याची विनंती केली. वही असणे हेच चांगले लक्षण होते; किपचोगेही वर्षानुवर्षे हाताने वही लिहितो. हिच्या वहीत मात्र एक गोष्ट पानोपानी खटकली. सोमवारच्या रकान्यात ‘सोपी धाव, १२ किमी’ आणि पुढे गती: किलोमीटरला ४ मिनिटे २० सेकंद. बुधवारी ४:१५. शुक्रवारी ४:२२, समोर ‘पाय जड’ आणि त्याखाली दुहेरी रेघ मारून ‘आळस नको’. शर्यतीची गती ३:४० असलेल्या मुलीने सोपी धाव साडेपाच मिनिटांच्या आसपास, शेजारच्या मैत्रिणीशी बोलता येईल इतक्या संथपणे करायची असते. ही रोज मैदानावरच्या मुलांच्या घोळक्याला चिकटून धावत होती. परिणामी सोपा दिवस सोपा राहत नव्हता आणि मंगळवारच्या, शनिवारच्या खऱ्या कठीण सरावाला तिच्याजवळ जोर शिल्लक उरत नव्हता.

अव्वल धावपटूंच्या सरावाविषयीचा आपल्याकडचा सर्वात मोठा गैरसमज येथे आहे. ते रोज रक्त ओकेपर्यंत धावतात अशी आपली कल्पना असते. स्टीफन सायलर या अभ्यासकाने रोइंग, स्कीइंग, सायकलिंग आणि धावणे या खेळांतल्या उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाची मांडणी तपासली तेव्हा सुमारे ८० टक्के सराव हलक्या तीव्रतेचा असल्याचे दिसले. २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटे ५२ सेकंदांनी धावणारा किपचोगे केनियातील कापतगात येथील सोप्या धावांची सुरुवात पाच मिनिटांहूनही संथ गतीने करतो. त्या गतीने आपल्याकडचा चांगला हौशी धावपटू त्याच्यासोबत काही अंतर जाऊ शकेल. त्याला त्याचे काहीच वाटत नाही, आणि माझ्या मते त्याच्या मनाची ताकद शेवटच्या दहा किलोमीटरांइतकीच या संथ संध्याकाळींमध्येही दिसते. घड्याळ, सोबती आणि स्वतःचा अहंकार हे तिघेही ‘पळ’ म्हणत असताना न पळणे फार अवघड असते.

माझ्यासमोरच्या मुलीची इच्छाशक्ती कमी नव्हती. ती चुकीच्या दिवशी खर्च होत होती. आणि केवळ धावण्यातच नव्हे, हे पुढच्या प्रश्नांतून उलगडत गेले.

“रात्री काय जेवतेस?” या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर तिला अभिमानाचे वाटत होते: पोळी-भात बंद, फक्त वरण आणि काकडी. मैदानावर कोणीतरी तिला सांगितले होते की वजन दोन किलोंनी उतरले तर वेळ दोन मिनिटांनी उतरेल. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे, धावून आल्यावर एक केळे, दुपारी मेसच्या डब्यातल्या दोन पोळ्या. ४६ किलो वजनाची मुलगी आठवड्याला १०५ किलोमीटर धावते, तेव्हा ढोबळ हिशेबाने, म्हणजे किलोमीटरमागे प्रत्येक किलो वजनाला एक कॅलरी धरली तर, दिवसाला सुमारे ७०० कॅलरी नुसत्या धावण्यात जातात. उरलेल्या तुटपुंज्या अन्नावर हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके या सर्वांना भागवायचे असते, आणि शरीर अशा वेळी काटकसर सुरू करते.

मी पाळीविषयी विचारले. ती आठ महिन्यांपासून बंद होती. “चांगलंच ना, मॅडम? म्हणजे सराव लागू पडतोय. रूमवरच्या दोघींचीही बंद आहे,” असे ती सहजपणे म्हणाली.

ही समजूत मी अनेक मुलींकडून ऐकली आहे, म्हणून येथे स्पष्ट लिहिते: पाळी थांबणे हे सरावाचे प्रशस्तिपत्रक नव्हे. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची ती खूण असू शकते आणि तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिले. मराठीत खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता म्हणता येईल. ती मुलग्यांमध्येही आढळते. हाडे ठिसूळ होणे, वारंवार आजारी पडणे, झोप बिघडणे, चिडचिड, उदासी आणि घटलेली कामगिरी हे सर्व तिच्यातच येते. यातली उदासी आणि चिडचिड तेवढी घरच्यांना दिसते, म्हणून मूल समुपदेशकाकडे आणले जाते. मन घट्ट करण्याचे व्यायाम मी त्या दिवशीच सुरू केले असते तर उपाशी शरीराकडे दुर्लक्ष करण्याचे तिचे कौशल्य मीच वाढवले असते.

मी तिला क्रीडावैद्यक तज्ज्ञांकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पाळी थांबण्याची इतर कारणे तपासून बाजूला करण्यात आली, शरीरातील लोहाचा साठा बराच कमी निघाला आणि नडगीच्या ज्या दुखण्याला ती ‘सवयीचं’ म्हणत होती तेथे हाडावर ताण येऊन इजेची सुरुवात झाल्याचे एमआरआयमध्ये दिसले. सहा आठवडे धावणे पूर्ण बंद. पोहणे आणि बसून चालवायची सायकल एवढेच. आहारतज्ज्ञांनी जेवणाचा तक्ता आखून दिला. वडिलांना हे सांगताना मला थोडी धास्ती होती. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे माझी पोर उपाशी पळत होती?” त्यानंतर त्यांनी मन घट्ट करण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मनाचे काम त्यानंतर सुरू झाले, आणि ते ‘हार मानू नकोस’ असे बजावण्यापेक्षा बरेच नीरस होते. तिला शिकवले गेले होते की दुखते तेव्हा लक्ष दुसरीकडे न्यायचे, मनात गाणे म्हणायचे. १९७७ मध्ये विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी अव्वल मॅरेथॉनपटूंच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ते याच्या उलट वागत असल्याचे आढळले: ते श्वास, स्नायू, पावले यांच्याकडे सतत लक्ष ठेवून त्यानुसार गती सांभाळत होते. आम्ही तेच छोटे करून घेतले. प्रत्येक फेरीत २०० मीटरच्या खुणेशी तीनच प्रश्न: श्वास कसा आहे, खांदे वर चढले आहेत का, पाय कुठे दुखतात? पसरलेला, दोन्ही पायांत सारखा जाणवणारा थकवा असेल तर तो शर्यतीचा भाग समजायचा; एकाच जागी बोट ठेवता येईल अशी, प्रत्येक पावलाला वाढणारी कळ असेल तर थांबायचे आणि त्याची लाज बाळगायची नाही. ‘पुरे’ हा शब्द मनात उमटला की आधी हे तपासायचे. पूर्वी तिला तो शब्द उमटणे हाच पराभव वाटे. तो प्रत्येक धावपटूच्या मनात उमटतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आणखी एक लहानशी दुरुस्ती उपयोगी पडली. ती भरतीच्या परीक्षेसाठी दुपारभर अभ्यासिकेत बसून संध्याकाळी थेट कठीण सरावाला जात असे. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात ९० मिनिटांच्या बौद्धिक कामानंतर सायकल चालवणारे लोक लवकर थकले. त्यांचे हृदय आणि फुप्फुसे नेहमीसारखीच काम करत होती, पण तेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. प्रशिक्षकांशी बोलून तिने कठीण सराव सकाळी घेतला. प्रशिक्षक समजूतदार निघाले. नेहमी निघतातच असे नाही.

पाळी पाचव्या महिन्यात परत आली. नवव्या महिन्यात मुलगी एका स्पर्धेत उतरली आणि ३७ मिनिटे ५ सेकंदांत २५ फेऱ्या पूर्ण केल्या. जुनी वेळ अजून गाठलेली नाही. सतराव्या फेरीविषयी मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की ‘पुरे’ आले होते, पण तोवर खांदे खाली आणण्यात ती गुंतलेली होती.

त्या भेटीत तिने वही पुन्हा माझ्यासमोर ठेवली. जेवणासाठी नवा रकाना आखला होता आणि त्यात ‘भाकरी ३’ असे वडिलांना फोनवर सांगता यावे म्हणून लिहिलेले होते. बुधवारच्या ओळीत होते: ‘सोपी धाव, १० किमी, ५:४०. मुले पुढे गेली. गेली तर गेली.’