कीर्तनाचं ५.१ मिक्सिंग घरच्या खोलीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : देवळातल्या नारदीय कीर्तनाचं चित्रीकरण केलंय, आवाज ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर यांच्यासाठी, मिक्स करायचाय. खोली दहा बाय बारा फूट, खाली टाइल्स. सहा इनपुटांचा जुना स्पीकर संच आहे आणि साधा संगणक. एवढ्यावर भागेल का? स्पीकर कुठे ठेवू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : भागेल. फक्त स्पीकर टेप घेऊन, मोजून लावा. खुर्ची अशी ठेवा की तुमचं डोकं समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर येईल. खोलीच्या बरोब्बर मध्ये, म्हणजे सहा फुटांवर, बसू नका. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. तिथे बसलात तर खर्ज कमी वाटेल आणि तुम्ही तो विनाकारण वाढवत बसाल.

आता डोक्याच्या जागेपासून साडेचार फुटांची सुतळी धरा. सेंटर सरळ समोर, स्क्रीनच्या खाली, तोंड कानांकडे वर केलेलं. डावा आणि उजवा सेंटरच्या रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर. त्या दोघांमधलं अंतरही साडेचार फूटच येतं, ते पडताळून पाहा. मागचे दोन ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेपासून दीड फूट मागे आणि दोन्ही बाजूंना सव्वाचार फूट. भिंत तिथून जेमतेम नऊ इंच उरते, त्यामुळे डबा लहान हवा. पुष्कळ घरांत हे दोन स्पीकर मागच्या भिंतीवर छताजवळ ठोकलेले असतात. सिनेमा बघायला ते चालेल, मिक्सिंगला नाही. समोर सतरंजी अंथरा आणि बाजूच्या भिंतींवर कानाच्या उंचीला जाड गोधड्या टांगा. टाळी वाजवल्यावर झणझण ऐकू येत असेल तर गोधड्या अजून हव्यात.

संगणकाच्या मागे हिरवं भोक पुढच्या दोघांचं, काळं मागच्यांचं, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचं. नारिंगीतल्या दोन तारा उलट लागणं ही नेहमीची चूक आहे. आधी साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडा, मग रीपर या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट १ ते ६.

लेव्हलसाठी उणे २० डेसिबल एफएसचा (डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा) पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा सरसर आवाज, एकेका स्पीकरवर वाजवा आणि फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या मीटरने, त्यात ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ हे पर्याय ठेवून, पाचही ७६ डेसिबलच्या आसपास सारखे करा. फोनचा मीटर नेमका आकडा दाखवेल याची खात्री नसते, पण पाचांची आपसातली तुलना तो नीट करतो. सबवूफरसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

शेवटची चाचणी चुकवू नका. फक्त डाव्या चॅनेलवर ६० हर्ट्झचा सूर वाजवा. सबवूफर बोलला तर संच छोट्या स्पीकरांचा खर्ज तिकडे वळवतोय. गप्प राहिला तर जुन्या संचांतली ठरलेली अडचण आहे : सहा इनपुटांवर सबवूफरला फक्त एलएफई, म्हणजे खास खर्जासाठी राखलेला स्वतंत्र चॅनेलच, मिळतो. मग डग्ग्याचा घुमारा ऐकूच येत नाही आणि माणूस तो एलएफईत टाकायला जातो. अशा वेळी तबल्याचा खर्ज चांगल्या हेडफोनवर तपासा.

प्रश्न : रेकॉर्डरवर चार ट्रॅक आहेत. बुवांचा कॉलर माइक, पेटी-तबल्यासमोर एक माइक आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन. हे दोन बुवांपासून दहा मीटर मागे होते. कोणता ट्रॅक कुठे टाकू? मागचे स्पीकर चालू केले की बुवा डोक्यामागून बोलू लागतात.
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मास्टरचे आणि ट्रॅकचे चॅनेल सहा करा आणि प्रत्येक ट्रॅकवर सराउंड पॅनर (आवाज कोणत्या स्पीकरांत जावा ते ठरवणारं साधन) लावा.

बुवांचा आवाज सेंटरमध्ये, पूर्णपणे. निरूपण असो की अभंग, तो तिथून हलवू नका. ८० हर्ट्झखालचं कापून टाका, म्हणजे उपरण्याची घासघास आणि माइकवरचे धक्के बरेच कमी होतील. पेटी-तबल्याचा माइक एकच असल्याने दोघांना वेगळं करता येणार नाही. चित्रात ती मंडळी ज्या बाजूला बसली आहेत त्या बाजूला, पण सेंटरच्या जवळ ठेवा. पेटी चित्रात डावीकडे आणि कानाला उजवीकडे, हे प्रेक्षकाला लगेच खटकतं.

श्रोत्यांकडचे दोन माइक मागच्या दोन स्पीकरांत, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे. आवाजाला दहा मीटर जायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे श्रोत्यांच्या माइकमध्ये बुवा तेवढ्या उशिरा पोचतात. अनेकजण हा फरक मोजून ट्रॅक तंतोतंत जुळवतात, आणि घोळ तिथेच होतो. जो आवाज आधी पोचतो त्याची दिशा कान धरतो. पूर्ण जुळवलात तर मागच्यांना समोरच्याइतकाच हक्क मिळतो, त्याहून थोडा आधीचा केलात तर बुवा सरळ मागे जाऊन उभे राहतात. देवळातला भोंगा त्या माइकांजवळ असेल तर जुळवाजुळव न करताही हेच होतं, कारण तारेतून गेलेला आवाज भोंग्यातून लगेच बाहेर पडतो. म्हणून एखादा ठसठशीत उच्चार दोन्ही ट्रॅकवर शोधा आणि मागचा ट्रॅक १५ ते २० मिलिसेकंद उशिरा राहील असा सरकवा. त्याहून फार जास्त ठेवलात तर शब्द दुहेरी ऐकू येऊ लागतात.

मागच्या ट्रॅकवर ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग ३-४ डेसिबल उतरवा. झांजेची किणकिण त्या पट्ट्यात असते आणि तीच कानाला मागे ओढते. लेव्हल ठरवताना मागचे स्पीकर जाणवेपर्यंत वाढवा, मग २-३ डेसिबल खाली आणा. निरूपणात एवढंच पुरे. विठ्ठलनामाचा गजर सुरू होताना मात्र ऑटोमेशनने (ठरल्या वेळी पातळी आपोआप बदलण्याची सोय) ४-५ डेसिबल चढवा, आणि चढ गजराच्या किंचित आधी सुरू करा. देऊळ भरलेलं आहे हे तेव्हा कळतं. घरच्या पडद्यासाठी सराउंडचा खटाटोप करायचा तो या क्षणांसाठी. माइकशेजारी बसलेल्या एखाद्याची टाळी टणकन उडत असेल तर तेवढी हाताने कमी करा, मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या कंप्रेसरने नको.

एलएफई रिकामा ठेवा. कीर्तनाला त्याची गरज नाही, तबला पुढच्या स्पीकरांतच शोभतो. फाइलमध्ये तो चॅनेल मात्र असू द्या.

प्रश्न : मिक्स टीव्हीवर वाजवला तर मुख्य आवाज उजवीकडून येतो, मागचा उजवा स्पीकर मुका आणि सबवूफर गजराबरोबर घुमतो. संच बिघडलाय का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : संच ठीक आहे, चॅनेलांचा क्रम चुकलाय. तुम्ही सिनेमाच्या क्रमाने फाइल काढलीत : डावा, सेंटर, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई. वेव्ह फाइलचा क्रम आहे डावा, उजवा, सेंटर, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. म्हणून सेंटर उजवीकडे गेला, मागचा डावा सबवूफरमध्ये शिरला आणि मागच्या उजव्याच्या वाट्याला तुमचा रिकामा एलएफई आला. प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव बोललेली एक मिनिटभराची फाइल करून ठेवा आणि मिक्स काढण्याआधी ती टीव्हीपर्यंत वाजवून पाहा.

त्याच बैठकीत मिक्स स्टिरिओत उतरवून फोनवरही ऐका. उतरवताना सेंटर आणि मागचे चॅनेल सहसा ३ डेसिबल कमी होऊन डाव्या-उजव्यात मिसळतात, एलएफई बहुधा टाकून दिला जातो. बहुतेक नातेवाईक फोनवरच बघणार. तिथे गजरात शब्द बुडत असतील तर मागचे चॅनेल कमी करा.

प्रश्न : सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने सुटतात. शिवाय दीड तासाची सहा चॅनेलची फाइल अर्धवट निघते.
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं वेगळी चालतात. दहा लाखांत वीस एवढा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दोन फ्रेम. चित्र आणि आवाज दोन्हींत सुरुवातीची आणि शेवटची एखादी टाळी शोधून जुळवा आणि आवाजाचा ट्रॅक सूर न बदलता तेवढाच ताणा किंवा आवळा. चित्रीकरण फोनवर केलं असेल तर व्हिडिओ आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर फरक मध्येच कुठेही उडी मारतो.

फाइलचं कारण वेगळं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा चॅनेल म्हणजे मिनिटाला सुमारे ५२ एमबी. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, ती ८२ मिनिटांच्या थोडं पुढे संपते. मोठ्या फाइलींसाठीचा आरएफ ६४ प्रकार निवडा किंवा पूर्वरंग आणि उत्तररंग वेगळे काढा. टीव्हीतून ऑप्टिकल तारेने संचाकडे न्यायचं असेल तर व्हिडिओला एसी-३ (डॉल्बी डिजिटल) आवाज जोडा, ६४० केबीपीएसने. डीव्हीडी करणार असाल तर ४४८ च्या वर जाऊ नका. न दाबलेला (अनकंप्रेस्ड) आवाज त्या ऑप्टिकल तारेतून दोनच चॅनेलमध्ये जातो.