प्रसादाला नाही म्हणावं का?

चिऊ बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री तीनदा ऐकला. शेजारच्या आजींकडे सत्यनारायण होता, त्यांनी तुझ्या हातावर शिरा ठेवला, तू नको म्हणालीस. त्या म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणू नये गं. कणभर घे, प्रसादानं काही होत नाही." आणि घरी येऊन तू मला विचारलंस, "आई, देव रागावेल का?"

नाही रागावणार, राणी. तुला गहू चालत नाही, तू बरोबर केलंस. सव्वाच्या मापानं रवा, साखर, तूप आणि वर केळं घातलेला तो शिरा काय दरवळतो हे मला चांगलं ठाऊक आहे. ठाण्याला नौपाड्यातल्या त्याच बिल्डिंगमध्ये श्रावणात मी घरोघरी तो खाल्लाय. तो हातावर असताना नको म्हणणं तुला किती जड गेलं असेल, ते मी समजू शकते.

त्या आजींवर रुसू नकोस. आपल्याकडे माया दाखवायची रीतच आग्रहाची आहे, "घे गं, थोडं तरी घे." पण नाही म्हणायच्या रीतीही आपल्याकडे आहेत, आणि त्यांचाही मान ठेवतात. सोमवारी तुझ्या आजीला कुणी बटाटेवडा दिला तर ती काय म्हणते? "आज उपवास आहे." संपलं, पुढे कुणी आग्रह करत नाही. माझ्या आजोबांना मधुमेह होता. ते प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावायचे, कण जिभेवर ठेवायचे आणि उरलेला माझ्या हातावर द्यायचे. "मला पथ्य आहे" म्हणायचे. त्यांनी प्रसाद टाळला असं कुणालाही कधी वाटलं नाही.

तुझं पथ्य त्यांच्याहून कडक आहे. त्यांना कण चालायचा, तुला तोही चालत नाही. सिलिॲकमध्ये, म्हणजे तुझ्या या आजारात, गव्हाचा कण पोटात गेला तरी शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. हे गव्हामुळे होतं हे दाखवून दिलं आपण राहतो त्या देशातल्याच एका डॉक्टरांनी. विलेम डिके त्यांचं नाव, लहान मुलांचे डॉक्टर. त्यांना पावाचा संशय आधीपासून होता. मग 1944-45 चा हिवाळा आला. युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. या आजाराची मुलं मात्र तेव्हा सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंनी पुढे नेटानं अभ्यास केला आणि 1950 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. औषध मात्र अजूनही एकच आहे, ते म्हणजे पथ्य.

म्हणून पुढच्या वेळी असं कर. प्रसाद पुढे आला की हात जोड आणि नीट, मोठ्यानं सांग, "आजी, मला गव्हाचं पथ्य आहे, कणभरही चालत नाही. मला अख्खं केळं द्याल?" साल असलेलं केळंच माग, चिरलेलं नको, कारण सुरी आणि चमचा शिऱ्यात फिरलेले असतात. तीर्थ घे. हातावर शिरा ठेवलाच तर कपाळाला लावून तुझ्या आजोबांना दे, आणि हात धुतल्याशिवाय केळं सोलू नकोस.

आणि आपल्या जेवणात मला काहीच चालत नाही असं मनात आणू नकोस. आजीचं उपवासाचं ताट बघ: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळं, राजगिरा. यात गहू कुठेच नाही. रोजच्या जेवणात भात आहे, तांदळाची, नाचणीची, ज्वारीची भाकरी आहे. आजी भाकरी करते तेव्हा एकदा शेजारी उभी राहून बघ. कढत पाणी घालून पीठ तळव्यानं रगडते, तरी कडा चिरतात. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे, आणि तुला चालत नाही ते हेच. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी सहसा लाटत नाहीत, थापतात. तुला जे चालत नाही ते तिच्यात नाही, म्हणूनच ती अशी थापावी लागते.

दोन वर्षांपूर्वी आलो होतो ते आठवतं? तीन दिवस फक्त भाकरी खाऊनही तुझं पोट दुखत होतं. आम्ही चक्रावलो होतो. मग आजीच्याच लक्षात आलं, की गिरणीत तुझ्या ज्वारीच्या आधी त्याच दगडावर कुणाचा तरी गहू दळला होता. त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्याच आठवड्यात घरघंटी आली, आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा गेलेला नाही. जांभळी नाक्यावरून ज्वारी आणली की आजी खिडकीत चष्मा लावून बसते, ताटात थोडी थोडी पसरून निवडते. गव्हाचा एखादा लांबट दाणा सापडला की तो उचलून बाजूच्या वाटीत टाकते. परवा व्हिडिओ कॉलवर ती मला ती वाटी दाखवत होती. चार दाणे होते.

आता गोकुळाष्टमी येतेय. सुंठवडा घरचाच खा. गोपाळकाल्यात पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, हे सगळं तुला चालतं. पण काल्यात लोणचंही घालतात आणि लोणच्यात हिंग असतो. बाजारच्या हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे बिल्डिंगमधला काला घेऊ नकोस. आजीला सांग, आपला काला खड्याच्या हिंगाचं लोणचं घालून घरीच करूया, आणि तुझ्या हातानं एक वाटी शेजारच्या आजींना नेऊन दे.

त्या काय म्हणाल्या ते मला रात्री सांग. मी जागी असेन.

तुझी,
आई