थेंब डोळ्यात, दुखणं पापणीत

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं ड्रॉप्स चालू आहेत, तरी संध्याकाळी हिंजवडीहून गाडीवर घरी येताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, धारा लागतात, आणि अधूनमधून रांजणवाडी येतेच. एवढं पाणी येत असताना डॉक्टर डोळे 'कोरडे' कसे म्हणतात, हा तुमचा प्रश्न.

डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरावर तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या तीसेक असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. तेल कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि चिडून भसाभसा पाणी सोडतो. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. तुमच्या रांजणवाड्या पाहता मूळ पापणीत असावं असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, पण हे दुखणं बरीच वर्षं सांभाळतोय.

खिडकीपाशी उजेडात हातआरसा धरून खालची पापणी किंचित खाली ओढा. केसांच्या आतल्या बाजूला, अगदी कडेवर, बारीक ठिपक्यांची ओळ असते. ग्रंथी ठीक असतील तर ती जेमतेम दिसते. बिघडल्या असतील तर ठिपक्यांवर पिवळट बुचं बसलेली असतात, कड जाड आणि लालसर होते, केसांच्या मुळाशी कोंडा साठतो. हा कोंडा केसाला नळीसारखा वेढून बसला असेल तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याची शक्यता असते, डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा. त्यासाठी टी ट्रीचे तयार वाइप्स मिळतात. बाटलीतलं नुसतं टी ट्री तेल मात्र पापणीला लावू नका, डोळा पोळतो.

आतलं तेल थंडीतल्या तुपासारखं थिजलेलं असतं, म्हणून शेक. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ओला रुमाल एक-दोन मिनिटांत गार होतो आणि मग 'शेकून काही फरक नाही' म्हणायचं! चाळीस अंशांच्या जरा वर ऊब आठ-दहा मिनिटं टिकायला हवी. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा आय मास्क घ्या, नाहीतर दोन रुमाल आलटून पालटून वापरा, आधी मनगटाला लावून बघा. शेकल्या शेकल्या, डोळा मिटून, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी बोटाने हलकेच निपटा, बुबुळावर दाब नको. मग लिड वाइपने (पापणी पुसायचा तयार ओला रुमाल) किंवा पाण्यात पातळ केलेल्या बेबी शाम्पूने कड पुसा. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ. फरक कळायला महिना-दीड महिना जातो, आणि लोक आठवड्यात सोडतात.

ड्रॉप्स बंद करू नका, पण लेबल वाचा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालत असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण नेहमीच्या बाटल्यांतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड डोळ्याला आणखी चिडवतं. लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब बंद केले की लाली परत येते. स्टेरॉइडच्या थेंबांनी झटकन बरं वाटतं, म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ते परस्पर आणू नका. काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्हींचा धोका असतो. गुलाबपाणी आणि मध आजीचा पूर्ण मान राखून स्वयंपाकघरातच ठेवा. माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्यांवर मी तरी पैसे घालत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज 3 ग्रॅम घेऊनही त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

पुण्यात मार्च ते मे सगळ्यात वाईट, पावसाळा लागला की आपोआप हायसं वाटतं. हेल्मेटची काच खाली ठेवा. आपल्याकडे स्कार्फ असा गुंडाळतात की जे झाकायचे ते डोळेच उघडे राहतात! ऑफिसात एसीचा झोत तोंडावर नको. स्क्रीन नजरेच्या खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. आणि मुद्दाम पूर्ण मिटून उघडा, कारण स्क्रीनकडे बघताना पापण्या अर्ध्याच लवतात.

पुढच्या भेटीत शर्मर टेस्ट (कागदाच्या पट्टीने अश्रू मोजणं) आणि टिअर ब्रेकअप टाइम (अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते) केलंय का, हे विचारा. तोंडही कोरडं पडत असेल किंवा सांधे दुखत असतील तर तेही सांगा, शोग्रेन्स, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याचा आजार, तपासावा लागतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा सर्दीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही डोळे कोरडे पडतात. शेकाने भागलं नाही तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, मात्र गरोदर असाल तर ते चालत नाही, आधीच सांगा. सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले तर गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मध्येच टाकू नका. आणि उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली किंवा एकाच डोळ्यात जोराची कळ आली, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.