डिकी उघडली की चित्र येतं, लावली की गायब!

प्रश्न: माझी २०२० ची हॅचबॅक आहे, रिव्हर्स कॅमेरा कंपनीतूनच आलेला. ह्या पावसाळ्यापासून रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी, वर नुसत्या त्या रंगीत लायनी दिसतात, मागचं काहीच नाही. कधी मधेच नीट चालतो पण. गंमत म्हणजे डिकी उघडी असली की चित्र येतं, लावली की गेलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कॅमेरा गेला, नऊ हजार होतील, मित्र म्हणतो बाहेरून हजार-दीड हजाराचा टाक. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: नऊ हजार राहू द्या अजून खिशातच, कारण खराब कॅमेऱ्याला डिकी उघडी आहे का बंद हे कुठून कळणार! डिकीच्या बिजागरापाशी काळी रबरी नळी असते बघा, घड्या पडलेली, कॅमेऱ्याच्या वायरी तिच्यातनंच बॉडीत जातात आणि पाच-सहा वर्षं रोज उघडझाप होऊन नेमक्या तिथेच आतल्या आत तुटतात, वरून प्लास्टिक शाबूत दिसतं पण आतलं तांबं तुटलेलं. डिकी वर केली की टोकं टेकतात, लावली की सुटतात. लायनी दिसतायत म्हणजे, तुमच्या गाडीत त्या स्क्रीनच काढत असेल तर, रिव्हर्सचा सिग्नल स्क्रीनपर्यंत येतोय, तिथे भानगड नाही.

घरीच बघा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन ऑन करा, रिव्हर्स टाका, एकाला स्क्रीनसमोर बसवा आणि तुम्ही डिकी अर्धी धरून ती नळी हळूहळू वाकवा. चित्र फडफडलं की चोर सापडला. मग चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, नळी सरकवून तुटलेली वायर सोल्डर करून द्यायला सांगा, नुसती पिळून टेप मारलेली पुढच्या पावसाळ्यात परत सुटते. आणि जोडताना थोडी लांबी वाढवूनच घ्या, ताणून जोडली तर परत तिथेच तुटणार.

नळी हलवून काहीच फरक पडला नाही तर मग कॅमेरा. काचेच्या आत धुकं किंवा पाण्याचे थेंब दिसले तर सील गेलंय, तो बदलायलाच लागतो, वाळवून दोन दिवस चालेल फारतर.

मित्राचा बाहेरचा कॅमेरा वाईट नाही, पण कंपनीच्या स्क्रीनला तो चालेलच असं नाही, व्हिडिओचा फॉरमॅट जुळला नाही की स्क्रीन निळी नाहीतर काळी. शिवाय काही गाड्यांत कंपनीच्या कॅमेऱ्याला स्क्रीनकडून ६ व्होल्टच येतात, बाहेरचे बहुतेक १२ वर चालतात. त्यामुळे दुकानदार मूळ वायर कापायला लागला की हात धरा त्याचा, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावून आधी चित्र दाखव म्हणावं, नंतरच बसव. वॉरंटी शिल्लक असेल तर वायर कापूच देऊ नका.

तोपर्यंत मागच्या पार्किंग सेन्सरवर, म्हणजे अडथळा जवळ आला की बीप करतात त्यांच्यावर, भागवा. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, म्हणजे तुमच्या गाडीत आहेतच (कॅमेरा सक्तीचा नव्हता). फक्त बारीक खांब आणि बुटका कठडा सेन्सरला कधीकधी दिसत नाही, तेव्हा मान वळवून मागे बघायचं.