इंग्लंडमध्ये जुनी ट्रायम्फ हेरल्ड घेऊन महिनाभर फिरवायची आणि मग पुण्याला पाठवायची आहे. कायदेशीररीत्या काय काय करावं लागेल?

तुमच्या आजोबांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड होती, म्हणून तिची विलायती बहीण, १९६९ ची १३/६० कन्व्हर्टिबल, तुम्हाला हवी आहे. मावसभाऊ लेस्टरला आहे, जूनमध्ये पत्नी आणि दोन वर्षांच्या मुलीसह येणार, वेल्स-स्कॉटलंड फिरणार आणि मग गाडी जहाजात चढवणार, असं तुम्ही लिहिलंय. मी कॉव्हेंट्रीत राहतो. ज्या कॅनलीच्या कारखान्यात हेरल्ड बनत होती तो भाग माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, आणि माझ्याकडे स्वतःची एक हेरल्ड आहे. म्हणून लिहितोय.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण बेत त्यावरच ठरणार. भारतात पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम २०२५ च्या सुरुवातीला सैल झाले. त्याआधी १९५० पूर्वीचीच गाडी आणता यायची. म्हणजे तुमची हेरल्ड येऊ शकेल. पण सीमाशुल्क आणि बाकीचे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरतात, हे एक. दुसरं, २०२१ च्या नियमांनुसार तिची नोंदणी व्हिंटेज म्हणून होणार, पाटीवर ‘व्हीए’ येणार, आणि मग ती फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येणार. रविवारी सहज लोणावळ्याला जाऊन चिक्की आणायची सोय नाही. तेव्हा गाडी मनसोक्त हाकायची हौस भागवायची ती इथेच, त्या एका महिन्यात. मी तुमच्या जागी असतो तर महिन्याचे दोन केले असते.

आता इथलं. आपल्याकडच्या माणसाचा पहिला गोंधळ विम्याचा होतो. भारतात गाडी विकली की थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. इथे तो माणसाबरोबर राहतो. विकणाऱ्याचा विमा तुमच्या काहीही कामाचा नाही, अगदी त्याच्या दारापासून पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचून विमा तपासतात. विम्याशिवाय सापडलात तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट, आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात.

रोड टॅक्सचंही तेच. ऑक्टोबर २०१४ पासून तो नव्या माणसाकडे जात नाही. मी हे माहीत असून फसलो. लिंकनशरमधल्या एका म्हाताऱ्याकडून गाडी घेतली, तो म्हणाला, ‘टॅक्स आहे हो मार्चपर्यंत, बिनधास्त न्या.’ चहा पाजला होता, माणूस सज्जन, मीही नेली. पंधरवड्यात दंडाचं पत्र. खरी मौज अशी की चाळीस वर्षांवरच्या गाडीला टॅक्स शून्य असतो. पण शून्य पौंडांचासुद्धा ‘भरावा’ लागतो! लॉगबुकातून, म्हणजे इथल्या नोंदणी पुस्तकातून, नव्या माणसासाठी जो हिरवा तुकडा फाडून देतात, त्यावरच्या आकड्यानं तो तिथल्या तिथे फोनवर भरता येतो. फक्त गाडी आधीच ‘हिस्टॉरिक’ वर्गात आहे ना, हे घेण्यापूर्वी बघा. नंबर टाकला की डीव्हीएलए या इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या साइटवर टॅक्स आणि एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, माहिती फुकट दिसते. गाडी ‘सॉर्न’वर, म्हणजे रस्त्याबाहेर ठेवल्याचं कळवून, उभी असेल तर टॅक्स भरेपर्यंत रस्त्यावर आणायची नाही, अपवाद फक्त आधी वेळ घेतलेल्या एमओटीला नेण्याचा. थोडक्यात क्रम असा: आधी विमा, मग टॅक्स, मग किल्ली.

विमा मिळवणं हेच तुमचं खरं अवघड काम. तुमचं भारतीय लायसन्स पाहुणा म्हणून बारा महिने चालतं, कायद्याची अडचण नाही. पण जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना इथलं लायसन्स, इथला पत्ता आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी हवी असते. गाडीचे पैसे देण्याआधी जुन्या गाड्यांचा विमा काढून देणाऱ्या दलालांना फोन लावा, आणि गाडी शेवटी देशाबाहेर जाणार हेही सांगून टाका. भावाच्या नावानं विमा काढून ‘मुख्य चालक तोच’ असं दाखवायचा सल्ला कोणीतरी देईलच. ती फसवणूक ठरते, आणि अपघात झाला की उघडी पडते.

लॉगबुकावर मात्र भावाचं नाव असू द्या, कारण लॉगबुकाला इथला पत्ता लागतो. त्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, ‘कीपर’, म्हणजे गाडी ज्याच्याकडे असते तो, फक्त. मालकीसाठी विकणाऱ्याकडून सही केलेली पावती तुमच्या नावावर घ्या. बस लेनच्या कॅमेऱ्यांची पत्रं भावाकडे जातील, त्याची आधीच माफी मागून ठेवा. विकणाऱ्यानं बदल ऑनलाइन कळवला तर नवं लॉगबुक आठवडाभरात येतं, टपालानं पाठवला तर चार आठवडेसुद्धा लागतात. तुमची सुट्टीच तेवढी आहे, म्हणून विकणाऱ्यासमोर बसून ऑनलाइन करून घ्या. आणि गाडीच्या पट्टीवरचा चासी नंबर लॉगबुकाशी ताडून बघा. इथे जुळला नाही तर न्हावा शेवाला रडाल.

चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटी माफ आहे. तरी करून घ्या. जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्समध्ये कोणीतरी गाडी वर उचलून खालून बघतो. हेरल्डला वेगळी चासी असते, तिचे बाजूचे हात गंजतात, वरून रंग झकास दिसतो. पुढच्या चाकांचे पितळी ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे, विसरू नका. त्यांना ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. वर्षानुवर्षं कोणी घातलं नसेल तर वळणावर चाक आडवं पडतं.

मुलीचं बघा. मागच्या सीटला पट्टे नसतील तर तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे बसवता येत नाही. पट्टे आणि लहान मुलाची सीट बसवून घ्या. पेट्रोल महागडं ‘ई५’ भरा, साध्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुने रबरी पाइप ते खातं. लंडनच्या युलेझचं, म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं, शुल्क हिस्टॉरिक गाडीला माफ, पण मध्य लंडनचं गर्दीचं शुल्क माफ नाही. हेरल्ड घेऊन तिथे जायचंच कशाला म्हणा.

निर्यातीची सूचना देण्यासाठी लॉगबुकात एक वेगळा भाग असतो. तो भरून, फाडून स्वॉन्सीला डीव्हीएलएकडे पाठवायचा आणि उरलेलं लॉगबुक स्वतःजवळ ठेवायचं. पुण्यात आरटीओला तेच दाखवायचंय. पण उत्साहात आधीच पाठवू नका. बंदरापर्यंत गाडी चालवत नेणार असाल तर तोवर टॅक्स आणि विमा दोन्ही चालू हवेत. जहाजवाल्याच्या ताब्यात गाडी दिली, पावती घेतली, की मग पाकीट टपालात टाका. आणि लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचे फोटो फाडण्याआधी काढा.

जाता जाता एक. चार दारांची हेरल्ड आजोबांकडे असेल तर ती इथे शोधू नका. चार दारांची फक्त मद्रासलाच झाली. इथल्या लोकांना तिचा फोटो दाखवला की त्यांचा विश्वास बसत नाही. लेस्टरहून कॉव्हेंट्री पाऊण तासावर आहे. ट्रनियनला तेल घालायची पिचकारी माझ्याकडे आहे, फोटो घेऊन या.